शेवटच्या गाण्यातील बासरी

माझ्या मुलीचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला त्या सकाळी मी वाटाणे सोलत होते. ही बाब प्रारंभीच नोंदवते, कारण पुढे जे घडले त्यातील दोषाचा काही भाग त्या वाटाण्यांकडे जातो. फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, हातांनी शेंगा उघडत होते आणि कानांनी गाणी ऐकत होते. ऐकणे हे स्वतंत्र काम आहे, ते दुसऱ्या कामाला जोडून करता येत नाही, हे वाक्य मी तीस वर्षे वर्गात उच्चारले. निवृत्तीनंतर शिक्षकाला स्वतःच्या वाक्यांतून सूट मिळते, असा माझा समज होता.

अल्बममध्ये आठ गाणी होती, सगळी मराठी. मुलगी पुण्यात नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी दोन मित्रांबरोबर गाणी करते. भाड्याच्या खोलीत भिंतींवर गाद्या आणि गोधड्या टांगून त्यांनी ही गाणी ध्वनिमुद्रित केली. अशा संगीताला इंडी पॉप म्हणतात. इंडी म्हणजे काय, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आमच्यामागे कुठलीही कंपनी नाही. सगळं आमचं आम्ही." मी माझ्या सोयीने अर्थ लावला : सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणारे. ही व्याख्या अपुरी असेल, परंतु चुकीची नाही, असे मला अजूनही वाटते.

या प्रकारातही एक पोटप्रकार असतो. तो स्वप्नाळू. त्यात गायिका आपल्यासमोर उभी राहून गात नाही. ती कुठेतरी पलीकडच्या खोलीत, पडद्यामागे, स्वतःशीच गात असते आणि आपण दारावर टकटक न करता उभे राहायचे असते. मी भूगोल शिकवत असे, त्यामुळे मला ते नकाशाच्या भाषेत समजले. आपल्या नेहमीच्या गाण्यात सीमारेषा ठळक असतात : हा तबला, ही पेटी, हा गळा. इथे कुणीतरी ओल्या बोटाने सगळ्या सीमा पुसल्या होत्या. गिटार कोणत्या तालुक्यात संपते आणि आवाज कोणत्या तालुक्यात सुरू होतो, हे सांगणे कठीण होते.

दुपारी तिचा फोन आला.

"आई, ऐकलंस?"

"ऐकलं की."

"पूर्ण?"

"पूर्ण. अगदी शेवटच्या गाण्यापर्यंत."

"मग कसं वाटलं?"

"छान आहे."

"छान म्हणजे?"

"छान म्हणजे छान गं. आता त्याचं काय स्पष्टीकरण द्यायचं?"

ज्या उत्तराला मी वर्गात चारपैकी एक गुण दिला असता, तेच उत्तर मी तिला दिले होते. मग तिने मला सांगितले, की ती फक्त एकाच गोष्टीची वाट पाहते आहे. पुण्यात एक समीक्षक आहेत. ते नवोदितांच्या पहिल्या अल्बमवर लिहितात आणि तीनदा ऐकल्याशिवाय एक ओळही लिहीत नाहीत. तिने त्यांना अल्बम पाठवला होता आणि या आठवड्यात ऐकतो, असे त्यांनी कळवले होते.

"चांगलं लिहितील," मी म्हणाले.

"वाईट लिहू देत. नीट ऐकून लिहू देत, एवढंच. दोन वर्षं केलंय आम्ही हे. कुणीतरी एकानं तरी नीट ऐकावं."

तिची मागणी एवढीच होती. हे वाक्य मी त्याच वेळी वहीत लिहून ठेवायला हवे होते.

दरम्यान, इकडे आमच्या कोल्हापुरात अल्बमचे स्वागत कसे झाले, तेही क्रमाने सांगते. ज्या गावात मिरवणुकीतले संगीत खिडकीच्या तावदानांच्या थरथरण्यावरून मोजतात, त्या गावात हे संगीत आले होते. शेजारच्या वहिनींनी डोळे मिटून दोन गाणी ऐकली आणि काळजीने विचारले, "पोरीचा आवाज ग्वाड हाय हो, पण लांबनं येतोय. माईक जवळ न्हवता काय?" माझ्या एका जुन्या सहशिक्षकांनी ताल कुठे आहे, याची चौकशी केली. आमच्या घरातल्यांनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, वर्तमानपत्र छातीवर ठेवून तिसऱ्या गाण्यापर्यंत मजल मारली आणि तेथेच त्यांचा डोळा लागला. जागे झाल्यावर म्हणाले, "झोप लागली म्हणजे चांगलंच असणार. वाईट गाण्यानं कधी झोप लागते काय?" हा अभिप्राय पुण्याला कळवायचा नाही, अशी मी त्यांना ताकीद दिली.

अल्बमच्या पानाखाली प्रतिक्रिया लिहिण्याची सोय असते. तिसऱ्या दिवशी मी पाहिले, तर पाच प्रतिक्रिया होत्या. त्यांतील दोन तिच्या साथीदारांच्या होत्या, एक तिच्या मावशीची, तीही केवळ हात जोडल्याची खूण, आणि उरलेल्या दोन कोणत्याशा इंग्रजी जाहिरातीच्या. समीक्षक पान उघडतील आणि एवढा मोकळा वर्ग पाहतील, या कल्पनेने मला अस्वस्थ वाटले. तपासणीला अधिकारी यायचे असतील, तर पट भरलेला दिसला पाहिजे, हा आमच्या पिढीचा संस्कार. मी फोन हाती घेतला.

माझ्या एका दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सॲपवर गट आहे. ही मुले आता चाळिशी ओलांडत आहेत. कुणी उद्यमनगरात वर्कशॉप चालवतो, कुणी हातकणंगल्याहून रोज रेल्वेने कामाला जातो, कुणी कागलला शेती पाहतो. वर्गाची मॉनिटर लग्न होऊन गडहिंग्लजला गेली आणि तिथे साड्यांचे दुकान सांभाळते, पण मॉनिटरपद तिने सोडलेले नाही. गटात कुणी सकाळच्या शुभेच्छांचे फूल दोनदा टाकले, तर ती त्याला आजही नावानिशी उभे करते.

मी गटावर लिहिले, की माझ्या मुलीचा अल्बम आला आहे, सर्वांनी तो ऐकावा आणि पानाखाली पाच ओळींत आपले मत लिहावे. उत्तर म्हणून चव्वेचाळीस अंगठे आले. नंतर शांतता. संध्याकाळी वर्कशॉपवाल्याने फोन केला. शाळेत हा शेवटच्या बाकावर बसे आणि आता त्याच्या हाताखाली बारा माणसे आहेत.

"बाई, लिवायचं काय पण? आमी आयुष्यात गाण्यावर कवा लिवलंय?"

"जे वाटलं ते लिही."

"वाटलं ते लिवलं की तुमी मारत होता."

"मी कधी मारलं तुला?"

"तुमी न्हाय, गणिताच्या सरांनी. पण मुद्दा त्योच की. नमुना द्या एखादा. मग बघा कसं लिवतो."

नमुना उत्तर ही शिक्षकाच्या हातून सहज होणारी गोष्ट आहे. प्रश्न अवघड वाटला, की आपण फळ्यावर एक उत्तर लिहून दाखवतो, म्हणजे मुलांना चौकट कळते. मी बसले आणि दहा मिनिटांत लिहिले :

'प्रस्तुत अल्बममधील गीते अत्यंत श्रवणीय असून स्वप्नमय वातावरणाची निर्मिती करतात. गायिकेचा आवाज मधुर आहे. शब्दरचना आशयघन आहे. शेवटच्या गीतातील बासरी तर थेट काळजाला भिडते. रसिकांनी हा अल्बम अवश्य ऐकावा.'

खाली सूचना दिली : वरील मुद्द्यांच्या आधारे स्वतःच्या शब्दांत लिहा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पानाखाली आणखी त्रेचाळीस प्रतिक्रिया जमल्या. मी चष्मा लावून पहिली वाचली. 'प्रस्तुत अल्बममधील गीते अत्यंत श्रवणीय असून...' दुसरी वाचली. तीही प्रस्तुत अल्बमपासून सुरू होत होती. तिसरी, चौथी, दहावी, सगळीकडे गीते श्रवणीय, आवाज मधुर, शब्दरचना आशयघन. एकाने सुरुवातीचे 'नमुना उत्तर' हे शीर्षकही उतरवले होते. दुसऱ्याने खालची सूचनाही तशीच ठेवली होती, त्यामुळे जगातील समस्त रसिकांना स्वतःच्या शब्दांत लिहिण्याचा आदेश गेला होता. शिवाय प्रत्येकाच्या शेवटी एक आकडा होता. मी मॉनिटरला फोन केला.

"हे आकडे कसले गं?"

"हजेरी नंबर, बाई. कुणी लिवलं, कुणी न्हाई, तुमास्नी कळाय नको? मीच सांगितलं सगळ्यांस्नी, नंबर टाकल्याबिगर गृहपाठ धरला जाणार न्हाई."

"आणि सगळ्यांनी तेच उत्तर उतरवलं."

"चांगलं उत्तर बदलायचं कशाला, बाई?"

खरे सांगायचे तर मला तेव्हा राग आला नाही. संख्या पाहून मनातून बरेच वाटले. मुलांनी इतक्या वर्षांनी शब्द मानला होता. कॉपी झाली होती, पण ती माझ्या उत्तराची होती आणि उत्तर चांगले होते. शिक्षकाच्या अहंकाराचे मोजमाप घेणारे उपकरण अद्याप निघालेले नाही, हे एका अर्थी बरेच आहे.

दोन दिवसांनी समीक्षकांनी आपल्या पानावर चार ओळी लिहिल्या. त्यांचा आशय असा होता : या अल्बमचे मी परीक्षण करणार होतो, परंतु करणार नाही. पानाखाली यंत्राने तयार केलेले बनावट श्रोते उभे केले आहेत. सर्वांचे शब्द तेच, आणि प्रत्येकाखाली अनुक्रमांक! यंत्राने निदान क्रमांक तरी लपवायचे. त्यातही कहर म्हणजे हे सगळे श्रोते शेवटच्या गाण्यातील बासरीवर फिदा आहेत, आणि या अल्बममध्ये बासरी नाही.

हे मी दोनदा वाचले. बासरी नाही? मी स्वतः ऐकली होती. वाटाण्यांच्या शेवटच्या मुठीला ती सुरू झाली होती, इतकी गोड, की मी शेंग तशीच हातात धरून थांबले होते. मी चिडून समीक्षकांना उत्तर लिहायला घेणार, तोच मुलीचा फोन आला. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. ती चिडली, की हळू बोलते. ही सवय तिने माझ्याकडून घेतली आहे.

"आई, हे हजेरी नंबर आहेत ना?"

"अगं, मुलांनी उत्साहाच्या भरात..."

"बासरी कुठून आली?"

"शेवटच्या गाण्यात आहे की! मी ऐकली."

"शेवटच्या गाण्यात वाद्यच नाही, आई. एकही नाही. नुसता माझा आवाज आहे, बाकी काहीच नाही."

मग तिने विचारले, "तू किती गाणी ऐकलीस?"

मी मनात मोजली. वाटाणे एक किलो होते. सुरुवातीला बसले, तेव्हा पहिले, पातेले आणायला उठले, तेव्हा चौथे की पाचवे... "नऊ," मी म्हणाले.

"अल्बम आठ गाण्यांचा आहे. तो संपला, की फोन आपोआप दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं लावतो."

म्हणजे ज्या बासरीने माझ्या काळजाचा ठाव घेतला, ती कोणा अनोळखी माणसाची होती, आणि त्रेचाळीस प्रौढ नागरिकांनी माझ्या शब्दावर ती माझ्या मुलीच्या नावावर चढवली होती. इतकी वर्षे मी कॉपी कशी पकडत असे? दोघांच्या पेपरात एकच चूक शोधून. सर्वांनी गंगेचा उगम एकाच चुकीच्या ठिकाणी दाखवला, की मी न विचारता बाक बदलत असे. समीक्षकांनी नेमकी तीच युक्ती वापरली होती आणि या खेपेला पकडली गेलेली मी होते.

"मला वाईट लिहिलेलं चाललं असतं," ती म्हणाली. "आता त्यांना वाटतंय, की ऐकणारं कुणी नाहीच. आणि खरंच नाहीये. तूसुद्धा नाहीस."

तिने फोन ठेवला. समीक्षकांना द्यायचे उत्तर मी मनातच खोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक आटोपून मी जेवणाच्या टेबलाशी बसले. कानांत तिनेच दिवाळीला आणलेली कर्णयंत्रे घातली. (तिला हा शब्द आवडत नाही. ती ऐकण्याची यंत्रे आहेत आणि कानात घालतात, तेव्हा मला दुसरा शब्द सुचत नाही.) हात मांडीवर ठेवले. पेन्सिल जवळ ठेवली होती, तीही दूर केली, कारण पेन्सिल हाती असली, की मी चुका शोधते.

पहिल्या गाण्यात शब्द लागत नव्हते. दुसरे आवडले. तिसरे चालू असताना मला लक्षात आले, की मी गाणे ऐकत नसून मुलीचा चेहरा आठवत आहे, म्हणून ते परत लावले. ते तिच्या शाळेच्या बसबद्दल होते. बसमध्ये खिडकीशी बसलेली मुलगी काचेवर श्वास सोडून बोटाने नदी काढते आणि नदी पुसली जाते, पुन्हा काढते. नदीचे चित्र काढायला तिला मी शिकवले होते : उगमाकडे बारीक रेषा, मुखाकडे जाड. गाण्यात ती नदी दोन्हीकडे सारखीच बारीक होती. मला दुरुस्त करावेसे वाटले आणि त्याच वेळी ती तशीच राहावी, असेही वाटले. हे दोन्ही एकदम होऊ शकते, ही माहिती मला नवी होती.

आठवे गाणे लागले. तिने सांगितल्याप्रमाणे त्यात काहीही नव्हते, नुसता आवाज. त्याआधीच्या सात गाण्यांत पडद्याआड असलेली मुलगी या गाण्यात पडदा सारून बाहेर आली होती आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून गात होती. वाटाण्यांच्या सकाळी याच गाण्याच्या वेळी मी बहुधा नळ सोडून उरलेल्या शेंगा धूत होते.

गाणे संपले. यंत्राने लगेच बासरी सुरू केली. चांगली होती, हे मान्य करते. मी ती बंद केली.

मग मी गटावर लिहिले : 'सर्वांनी आपापली प्रतिक्रिया तत्काळ काढून टाकावी. फेरपरीक्षा होईल. अल्बम आठ गाण्यांचा आहे. हातातले काम बाजूला ठेवून तो ऐकावा आणि जे खरोखर वाटले तेच लिहावे. नमुना उत्तर मिळणार नाही. चूक माझी होती, तुमची नाही.'

शेवटच्या वाक्याने गटात खळबळ माजली. पहिला फोन अर्थातच वर्कशॉपमधून आला.

"बाई, तुमची चूक म्हंजे? तुमी असं कवा म्हणला न्हाई आजवर."

"आता म्हणते आहे."

"मग खरं लिवायचं? आवडलं न्हाई तर न्हाई लिवायचं?"

"हो."

"पोरगी रागवंल की."

"ती न ऐकल्याबद्दल रागावली आहे. ऐकून नावडलं, तर रागावणार नाही."

"बरं. पण हजेरी नंबर?"

"नंबर नको!"

दोन दिवस काही आले नाही. मला वाटले, या वेळी वर्ग कोराच राहणार. मग एकेक प्रतिक्रिया उमटू लागली. वर्कशॉपवाल्याने लिहिले, की मशीन चालू ठेवून ऐकले तर काही ऐकू आले नाही, म्हणून जेवणाच्या सुटीत मशीन बंद करून ऐकले; कामगार घाबरून विचारू लागले, 'मालक, काय झालंय? आज गप्प बसलायसा.' हातकणंगल्याच्या विद्यार्थ्याने स्टेशनच्या बाकावर बसून ऐकले आणि त्याची गाडी आली आणि गेली. ही स्तुती आहे, की तक्रार, हे त्याने स्पष्ट केले नव्हते. कागलच्या शेतकऱ्याने प्रामाणिकपणे लिहिले : 'दोन गाणी कळाली. बाकीची न्हाईत. कळाली न्हाईत ती जास्त आवडली, का ते ठाव न्हाई.' एकाने तर, 'आवाज आणखी मोठा पाहिजे, बाकी नाद खुळा' असे लिहून स्वप्नाळू पॉपचा पायाच उखडला होता. मॉनिटरने दुकानात अल्बम लावला होता. तिच्या अत्तींना, म्हणजे सासूबाईंना, फक्त कानडी समजते. त्यांनी पाचवे गाणे पूर्ण ऐकले आणि सुनेला विचारले, "या पोरीला कुठं दुखतंय? आईला सांगितलंय का तिनं?"

ही प्रतिक्रिया मी किती वेळा वाचली, ते सांगत नाही.

आता समीक्षक उरले. त्यांना मी पत्र लिहिले. सवयीने वर 'विषय : प्रतिक्रियांच्या उगमाबाबत खुलासा' असे लिहिले आणि मुद्देसूद सर्व हकिगत मांडली : तुकडी, नमुना उत्तर, हजेरी क्रमांक, वाटाणे आणि बासरी. माझ्या मुलीला यातील काहीही ठाऊक नव्हते, हे अधोरेखित केले. परीक्षण लिहा, अशी विनंती केली नाही. फक्त त्यांनी ज्याला यंत्र म्हटले ते एक निवृत्त शिक्षिका आहे, एवढे कळवणे मला आवश्यक वाटले.

त्यांचे उत्तर दोन दिवसांनी आले. छोटेसे होते. 'आपले पत्र वाचून बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसलो. अल्बम तीनदा ऐकेन. चांगले लिहीन, असे वचन देत नाही. एक शंका : क्रमांक एकतीस कुठे दिसला नाही. का?'

मी कळवले, 'तो शाळेतही गृहपाठ करत नसे.'

परीक्षण पुढच्या आठवड्यात आले. मुलीनेच फोन करून वाचून दाखवले. तिसरे आणि सहावे गाणे एकमेकांची सावली वाटतात, असे त्यांनी लिहिले होते. गायिका स्वतःच्या आवाजाला इतकी लाजते, की पहिल्या गाण्यात तिला शोधून शोधून श्रोता दमतो. नदीचे गाणे सुंदर, पण एक कडवे जास्त. शेवटचे गाणे मात्र त्यांनी परत परत ऐकले होते आणि तसे काही त्यांनी अलीकडे ऐकले नव्हते. बनावट श्रोत्यांबद्दलचे विधान त्यांनी मागे घेतले होते आणि लिहिले होते, की हे श्रोते खरे आहेत, त्यांपैकी एकाची तर गाडीही चुकली आहे.

ती वाचत असताना हसत होती. मला मात्र राग येत होता. "आवाजाला लाजते म्हणे! एक कडवं जास्त म्हणे! स्वतः एक तरी गाणं रचून दाखवावं त्यांनी."

"आई, त्यांनी ऐकलंय गं. कडवीसुद्धा मोजलीत. तुला कळतंय का, किती नीट ऐकलंय?"

"ते ठीक आहे, पण..."

"आणि तुला नाही वाटलं तसं? पहिल्या गाण्यात शब्द लागतात तुला?"

खोटे बोलण्याची संधी अगदी समोर होती आणि ती मोठी सोयीची होती. 'छान आहे गं' एवढे दोन-तीन शब्द पुरले असते.

"नाही लागत," मी म्हणाले. "दुसऱ्या ओळीपासून मी चाचपडते. आणि तिसरं-सहावं मला सारखंच वाटलं. आठवं मी चारदा ऐकलं."

मला वाटले, पुन्हा तिचा आवाज हळू होणार.

"शनिवारी येते," ती मोठ्याने म्हणाली. "पहिल्या गाण्याचे शब्द लागू नयेत म्हणूनच तसं केलंय. दाखवते तुला."

शनिवारी ती आली. पायही न धुता टेबलाशी बसली, एक कर्णयंत्र स्वतःच्या कानात घातले, दुसरे माझ्या. गाणे सुरू झाले. दुसऱ्या ओळीला मी हात वर केला. तिने गाणे थांबवले.

"हा शब्द काय आहे?"

"तो महत्त्वाचा नाही, आई. तिथला सूर ऐक."

"महत्त्वाचा नाही, तर लिहिलास कशाला?"

"नकाशात समुद्राला निळा रंग देतेस, तेव्हा प्रत्येक लाट काढतेस का?"

"समुद्राला निदान नाव तरी लिहिते मी!"

तिने ओळ पुन्हा लावली. मी पुन्हा हात वर केला. ती म्हणाली, की असे ऐकतात का कुणी. मी म्हणाले, की असेच ऐकतात. तिने पुन्हा लावली. त्या संध्याकाळी आम्ही कडाडून भांडलो, दोनदा चहा झाला, आणि पहिल्या गाण्याच्या पुढे गेलोच नाही.